पिन मारून भागत नाही

"काय गं, सकाळपासून गॅलरीत काय खरवडत बसलीयेस? अख्ख्या मजल्याला ऐकू येतंय."

"काकू, सासूबाईंचा पितळी स्टोव्ह! चाळ पाडणार म्हणून पोटमाळा उपसायला घेतला, त्यात सापडला. लेक म्हणतो, नव्या फ्लॅटमध्ये शोभेला ठेवू, पण आधी एकदा पेटवून बघायचाय. बाहेरून पितांबरीने कसा लखलखला बघा. बर्नरच्या नळीतून मात्र हवासुद्धा जात नाही. रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवला होता."

"चिंचेने पितळेचे डाग जातात, कार्बन कुठला जायला! ते जळकं रॉकेल आहे, चाळीस वर्षांचं."

"पिन मारू का?"

"पिन निपलापुरती. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. खरी घाण खाली, बर्नरच्या वळणात. रॉकेल तिथे तापून त्याची वाफ होते, थोडं जळून आतच चिकटतं. भेसळीचं रॉकेल असेल तर विचारूच नकोस. मग ज्योत पिवळी, पातेल्याचं बूड काळं, आणि आम्ही बायका पिनांवर पिना मोडतोय!"

"आणि पेपरात यायचं ना, 'स्टोव्हचा भडका उडून'..."

"यायचं तर. आणि भाजायची ती दरवेळी सूनच. सासू नाही, नवरा नाही. स्टोव्हलाही नातं कळत होतं म्हणायचं! पिन मारताना भडकला, असं सांगून मोकळे. जाऊ दे. १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने हा प्रायमस स्टोव्ह काढला तो काजळी होऊ नये म्हणून, असं आमचे हे सांगायचे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, त्याच्या नावावर इथे काय काय खपवतील ते."

"मग नळी साफ करायची कशी?"

"रिपेअरवाला चौकात बसायचा, त्याचं बघितलंय. बर्नर टाकीवरून काढायचा, निपल चावीने वेगळं करायचं. नुसता बर्नर कोळशात ठेवायचा, काळपट लाल होईपर्यंतच. जास्त तापला तर सांधे सुटतात. आणि टाकी विस्तवाजवळसुद्धा न्यायची नाही, तिला कथलाचा डाग असतो. लाल झाला की चिमट्याने उचलून थेट पाण्यात. चर्र्! पितळ आकसतं, आतला कार्बन तडकतो. मग सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, टोक जरा उसवून, आणि पिळत पिळत आत घालायची. काळे खपले निघतात बघ, नुसते खपले! वळणाशी तार अडली तर जोर नाही करायचा, पुन्हा तापवायचा."

"साफ झालं हे कळणार कसं?"

"खालच्या तोंडाला नळाचं पाणी लाव. निपलाच्या जागेतून सरळ, अखंड धार आली की झालं. थुईथुई आली तर अजून आहे."

"आज रात्रीच करते."

"इथे? लाकडी गॅलरी, लाकडी जिना, आणि तू कोळसे फुलवणार? खाली चौकात कर, बादलीभर वाळू जवळ ठेव. पंपाचा चामड्याचा वॉशर सुकून कडक झाला असेल, तो तेलात भिजव. बर्नरखालचा शिशाचा वॉशर मात्र नवाच घाल, जुना दाबला गेला की पाझरतो. भडके उडायचे त्यातले काही खरे असायचे, ते या पाझरण्यानेच. वॉशर मिळाला नाही तर लेकाला सांग, न पेटवताच शोकेसमध्ये ठेव म्हणावं."