तारे तयार, रजा नामंजूर

बडोद्याच्या खंडेराव महाराजांची डभोई ते करजणशेजारच्या मियागामपर्यंतची अरुंद रेल्वे १८६२ साली सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत. करजणच्या आसपासच्या एखाद्या प्राध्यापकाला आज खगोलशास्त्राची हुक्की आली, तर त्याच्या अर्जाचा वेग साधारण तेवढाच असतो.

तसं दार सताड उघडं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली ती अशाच मास्तरांसाठी. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. महाविद्यालयातल्या शिक्षकाने यावं, राहावं, ग्रंथालय वापरावं, संशोधकांशी फळ्यासमोर भांडावं. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, वर्षातून दोनदा जगभरातून प्रस्ताव मागवते. प्रस्तावात दम हवा. पत्ता करजणचा असला तरी चालतो. टोलनाक्याच्या दिव्यांनी इथलं आकाश पांढरटलंय, पण रेडिओलहरींना त्याचं काय!

थोडक्यात, विश्वाचं जमलं. अडतं ते रजेपाशी. अर्ज विभागप्रमुखांकडे, तिथून प्राचार्यांकडे, आणि तिथून शेरा : ‘अभ्यासक्रमाशी संबंध स्पष्ट करावा.’ तो स्पष्ट करेपर्यंत निवडणुकीची ड्युटी लागते. मग सर दोन तासांचं वेबिनार ऐकतात. कॅमेरा बंद, आवाज बारीक, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. शेवटी सगळे मिळून ‘सहकार्य वाढलं पाहिजे’ म्हणतात आणि प्रमाणपत्र मेलवर येतं. बढतीच्या फायलीला ते पुरतं. खोडदच्या प्रस्तावाची मुदत मात्र परवाच संपलेली असते.