शांतता समितीचे भाऊजी

भाऊजींनी गीता उघडलेली नाही, कुराण उघडलेलं नाही, बायबल आणि त्रिपिटकाला त्यांचा दुरूनच नमस्कार. त्यांचा धर्मग्रंथ एकच: स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं ‘कालनिर्णय’. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत एकादशी, मोहरम, पर्युषण, बुद्धपौर्णिमा आणि गुड फ्रायडे भांडण न करता नांदतात, याचं भाऊजींना फार कौतुक. प्रत्येक चौकोनात त्यांची पेन्सिलीची टिपणं असतात. ‘ईद. चार घरं. शुगरची गोळी आधी.’ ‘१४ एप्रिल. निळा रुमाल इस्त्रीला.’ ‘नाताळ. केक नको म्हणायचं नाही.’

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एक भाऊजी असतात. बहुधा निवृत्त झेडपीचे गुरुजी, नाहीतर लाकूड डेपोतले बाबू. शर्टाच्या खिशात दोन पेन, त्यातलं एक चालणारं. सिरोंच्याचे भाऊजी तेलुगूत समजूत घालतात, मुलचेऱ्याच्या भाऊजींना बंगाली वस्तीतल्या दुर्गापूजेची वर्गणी कोणी बुडवली ते पाठ असतं, आणि वडशाचे असतील तर त्यांच्या नावावर एखादं न लागलेलं नाटकही असतं. पण हुद्दा सगळ्यांचा एकच: पोलीस ठाण्याच्या शांतता समितीचे सदस्य. पगार नाही, भत्ता नाही. सणाच्या आधी बैठक, बैठकीत चहा, चहासोबत दोन बिस्किटं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मागच्या रांगेतला फोटो.

आमच्या भाऊजींचं बैठकीतलं भाषण ठरलेलं आहे. १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषद भरली, तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गेले, इथून ते सुरुवात करतात. महाराज जन्माने अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, पण भाऊजींच्या भाषणात ते चिमूरचेच असतात, कारण चिमूरकडच्या जंगलात, रामदिघी-गोंदोड्याला त्यांनी तप केलं. ‘‘म्हनजे सर्वधर्म समभाव आपल्या जंगलातून जपानात गेला, साहेब,’’ असं म्हणून ते थांबतात. ठाणेदार घड्याळ पाहतात. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आमच्याकडे गावोगाव अजून संध्याकाळी होते. भाऊजी तिथेही जातात, मागे खुर्चीवर बसतात, कारण गुडघा दुमडत नाही.

पाहुणा आला की भाऊजी त्याला भद्रावती दाखवायला नेतात. एका रिक्षाच्या भाड्यात तीन धर्म, हा त्यांचा हिशेब: भद्रनागाचं देऊळ, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी. इतिहास ते हमखास चुकीचा सांगतात, रिक्षाचा दर मात्र अचूक. चंद्रपुरात महाकालीचं देऊळ राणी हिराईनं बांधलं, म्हणजे देवीची मालकीण गोंड राणी आणि चैत्रात झरपटीवर आंघोळीला येणारे जत्रेकरू नांदेड-परभणीचे, हे ते स्वतःच घडवून आणल्यासारखं सांगतात. १६ ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर गर्दी उसळते तेव्हा भाऊजी पाण्याच्या टाकीपाशी उभे असतात. १९५६ साली नागपूरनंतर बाबासाहेबांनी चंद्रपुरात येऊन दीक्षा दिली, तेव्हा आपले वडील त्या मैदानाच्या कडेला सायकल लावून उभे होते, असं त्यांचं म्हणणं. दीक्षा घेतली का, असं विचारलं तर म्हणतात, ‘‘सायकल कोनाच्या भरवशावर सोडणार होते जी?’’

धर्मावर भाऊजींशी बोलता येत नाही. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. त्यांना माणसं ठाऊक आहेत. मौलाना साहेबांचा मुतखडा, भंतेजींच्या विहाराचं थकलेलं वीजबिल, पुजाऱ्याच्या मुलीचं अडलेलं लग्न, फादरची बदली. एकदा एक व्याख्याते ‘आंतरधर्मीय संवाद’ या विषयावर पाऊण तास बोलले. भाऊजींनी शेवटी हात वर करून विचारलं, ‘‘साहेब, हे सगळं ठीक हाये, पन यात फोन नंबर कोठी लिहायचा?’’ लोक हसले. माझ्या मते त्या सभेतला तो एकच कामाचा प्रश्न होता. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांमध्ये रोज काय उपनिषदांवर चर्चा होत असेल? मला तरी वाटतं, नळ, गटार आणि कोणाचं पोट्टं कोणत्या कामावर लागलं, यावरच होत असेल.

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे गणपती लांबले आणि २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. राज्यात ठिकठिकाणी मुस्लीम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, सरकारनं ईदची सुट्टीही २९ ला नेली. आमच्या गावातही तसंच झालं आणि पेपरात ‘सामंजस्याचे दर्शन’ असा मथळा आला. भाऊजी तो मथळा वाचून मिशीत हसले. आतली गोष्ट अशी की गावात बिछायत केंद्र एकच. ट्रॅक्टर, जनरेटर, रोषणाई, पाण्याचे ड्रम, सगळं त्याच्याकडेच. त्यानं दोन्हीकडून इसार घेऊन ठेवला होता आणि तोंड लपवून फिरत होता. भाऊजींनी त्याला गाठलं, दोन्हीकडच्या पोरांना त्याच्याच गोदामात बोलावलं आणि सतरंज्यांच्या ढिगावर बसवलं. दोन्ही बाजूंनी आधी मिळून बिछायतवाल्याला शिव्या घातल्या. अर्धा तास मनसोक्त. त्यानंतर एकमेकांवर रागावायला कोणाजवळ राग उरला नाही. जुलूसवाले म्हणाले, आम्ही उद्या काढतो. गणपतीवाले म्हणाले, मग जनरेटरचं डिझेल आमच्याकडून.

बैठकीतली खरी अडचण भोंग्याची. नवे ठाणेदार आले की नियम वाचून दाखवतात: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सगळे धर्म माना डोलावतात आणि मग एकमेकांकडे पाहतात. आमच्या झाडीपट्टीत नाटकच रात्री दहाला सुरू होतं! दिवाळी झाली, मंडईची जत्रा भरली, बैलांचा शंकरपट सुटला की रात्रभर नाटक, आणि पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून खुद्द ठाणेदार. हा विषय निघाला की भाऊजी एक जुना किस्सा सांगतात. एका गावी नाटक नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झालं, पहाट झाली, नायक बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून मरायला लागला आणि अर्ध्या संवादात शेजारच्या मशिदीतून अजान सुरू झाली. भाऊजींनी विंगेतून हात केला. माईक बंद, पेटी बंद, तबला बंद. नायक डोळे मिटून पडून राहिला, बहीण हुंदका गिळून बसली. अजान संपली. नायकानं पुन्हा डोळे उघडले आणि उरलेलं मरण पूर्ण केलं. प्रेक्षकांना वाटलं, नाटकात तसंच लिहिलंय. बायाबापड्या आणखीच रडल्या. नंतर मशिदीतले चाचा कंपनीच्या मालकाला म्हणाले, ‘‘मियाँ, तो पोट्टा बरा मरते. पुढच्या साली जरा लवकर मारा, मलेही पाहता येईल.’’

भाऊजींच्या घरी मात्र एवढं सामंजस्य नाही. वहिनी म्हणतात, ‘‘जगाच्या सनाले पहिले हजर, अन् आमच्या भावाच्या पोराच्या बारशाले यायले ह्यायले टाइम नाही.’’ धाकट्या भावाशी धुऱ्यावरून त्यांचा अबोला आहे, तो विषय आम्ही काढत नाही.

तर नव्या ठाणेदारांची पहिली बैठक. तरुण माणूस, सगळं रजिस्टरमध्ये हवं. समाजवार रकाने आखलेले: हिंदू, मुस्लीम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन आणि शेवटी इतर. ‘इतर’मध्ये नाव एकच, पलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गोंड भूमियाचं, म्हणजे गावपुजाऱ्याचं. साहेबांनी आदरानं विचारलं, ‘‘बाबाजी, तुमच्या मिरवणुकीचा मार्ग सांगा.’’

भूमिया म्हणाले, ‘‘आमचा पेन, म्हनजे देव, साजाच्या झाडाखाली ऱ्हायते जी. भोंगा नाही, रस्ता अडवत नाही. मंग मले काहून बलावलं?’’

‘‘तुमच्या समाजाचं काही म्हणणं असेल तर...’’

‘‘म्हननं हाये ना. वाघ हाये.’’

मग बैठकीला रंग चढला. वाघ कुठे दिसला, कोणाची गोऱ्ही नेली, तेंदूपत्त्याला बायांनी कशा जायचं, मोहफुलं वेचताना पाठीमागे कोणी उभं राहायचं. मौलाना बोलले, भंतेजी बोलले, बजरंगबलीच्या मंडळाचा अध्यक्ष तर उभा राहून बोलला. इतकं एकमत त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं. साहेब तीनदा म्हणाले, ‘‘हा विषय वन खात्याचा आहे.’’ कोणी ऐकलं नाही.

शेवटी साहेबांनी रजिस्टर मिटता मिटता भाऊजींकडे पाहिलं. ‘‘आपण कोणत्या समाजाचे प्रतिनिधी? आपलं नाव एकाही रकान्यात नाही.’’

हिंदूंच्या बाकावरचे म्हणाले, आम्हाला वाटलं हे बौद्धांकडून आहेत. बौद्धांना वाटत होतं, ख्रिश्चनांकडून. मौलाना म्हणाले, ‘‘आम्ही समजत होतो, पोलिसांकडून.’’ भाऊजी पहिल्यांदाच गोंधळले. खिशातलं न चालणारं पेन काढून म्हणाले, ‘‘मी... चहाचं पाहतो, साहेब.’’

साहेबांनी थोडा विचार केला आणि त्यांचं नाव ‘इतर’मध्ये लिहिलं. भूमियांनी रजिस्टरात डोकावून पाहिलं, बाकावर इंचभर सरकले आणि म्हणाले, ‘‘बस मंग इथं. पन बिस्कुट दोघायचे वेगवेगळे सांगजो.’’