आरतीला बसलेला माणूस

महाराष्ट्रात गिटारवर बाख वाजवण्यात काहीही धोका नाही. मधले चार सूर गळले, दोन भलतेच लागले, तरी मंडळी गंभीरपणे माना हलवतात. 'फॉरेनचं वेगळंच असतं,' असा अभिप्राय देऊन एखादे काका चहाकडे वळतात. 'सुखकर्ता दुःखहर्ता'ला ही सवलत नाही. समर्थ रामदासांची ही आरती पाळण्यातल्या पोरापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पाठ असल्यामुळे समोर बसलेला प्रत्येक जण परीक्षक असतो.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात विविध गुणदर्शनाच्या कार्यक्रमात माझं एकल गिटारवादन ठेवायचं ठरलं. ते पत्रिकेत छापून आल्यावर मलाही कळलं. 'फार अवघड काही नको,' असं समितीने प्रेमाने सांगितलं. 'आपली साधी आरतीच वाजव.'

साधी म्हणजे काय ते सांगतो. एकट्या गिटारवर चाल बसवायची तर अनामिकेने आणि मधल्या बोटाने वरच्या तारांवर चाल धरायची, अंगठ्याने खर्ज चालू ठेवायचा आणि मधली पोकळी उरलेल्या बोटांनी भरायची. गाणाऱ्या, पेटीवाल्या आणि तबलजीचं काम एकाच माणसाने करायचं, मानधन अर्थातच एकाचंही नाही. एवढं करून ऐकणाऱ्याला फक्त चाल ऐकू येते. अंगठ्याबद्दल मला आजवर एकच प्रश्न विचारला गेला: 'ते मागे ढुम् ढुम् काय वाजत होतं? बिघडलंय का?'

चालीचाही पेच आहे. आरती गाताना एकाच सुरावर तीन-चार अक्षरं सलग येतात. तोंडाने म्हणताना प्रत्येक अक्षर निराळं असतं, त्यामुळे कुणाला ते जाणवत नाही. गिटारला अक्षरं नाहीत. तीच तार त्याच जागी चारदा छेडली की माणूस अजून वाद्य लावतोय असं वाटतं. माझी पहिली ओळ संपत आली तेव्हा पुढच्या रांगेतून विचारणा झाली, 'सुरू कधी करणार?'

यावर पाश्चात्त्य पद्धतीचा उपाय असा की सूर तोच ठेवून खालची कॉर्ड बदलायची. वरचा सूर हलत नाही, पण त्याचा रंग पालटतो. तालमीत मी हे करून पाहिलं आणि मला ते सुंदर वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, 'छान आहे रे, पण चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं.' आजींचं चूक नव्हतं. आपल्या चाली षड्जाला धरून चालतात, त्यांना खालची जमीन दर दोन पावलांनी बदललेली खपत नाही.

म्हणून मी कॉर्ड सोडल्या आणि गिटारच वेगळी लावली. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण सूर उतरवली की सहावीकडून डी, ए, डी, जी, ए, डी अशी जुळणी मिळते. डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकाने ती 1960च्या दशकात रूढ केली. आपल्या भाषेत ती सा, प, सा, म, प, सा. मोकळ्या तारांमध्ये गंधार नाहीच, त्यामुळे चर्चचा प्रश्न मिटतो आणि खालच्या तीन तारा तंबोऱ्यासारख्या गुंजत राहतात. हा शोध कुणीतरी वाखाणेल अशी माझी अपेक्षा होती. पण भाद्रपदातल्या दमट हवेत नुकत्या उतरवलेल्या तारा जागेवर राहत नाहीत, त्यामुळे मी स्टेजवर खुंट्या पिळत बसलो आणि निवेदिकेने तेवढ्या वेळात पाककला स्पर्धेचा निकाल जाहीर केला. टाळ्या नारळाच्या वड्यांना पडल्या.

पेटी वाजवणाऱ्या काकांची तक्रार निराळी होती. 'काळी एकला धर, म्हणजे सगळ्यांना गाता येईल.' मी म्हटलं, काका, हे एकल वादन आहे, कुणी गायचं नाहीये. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. शिवाय माझा षड्ज पांढरी दोन, काळी एक त्याच्या अर्ध्या सुराने खाली. गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, म्हणजे कॅपो, सूर चढवतो, उतरवत नाही. अर्धा सूर उतरायला सहाही खुंट्या पुन्हा पिळायच्या आणि तोवर वड्यासुद्धा संपलेल्या.

काकांचं म्हणणं खरं ठरलं हे सांगायला नकोच. आरतीची चाल कानावर पडल्यावर गप्प बसणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. दुसऱ्या ओळीला टाळ्या सुरू झाल्या, तिसरीला कुणीतरी झांजा काढल्या. झांजांपुढे गिटार म्हणजे वाद्य नव्हे, ती फक्त वादकाची खाजगी समजूत. त्यात जमावाचा सूर त्याचा त्याचा आणि लय दर कडव्याला वाढणारी. मी मेट्रोनोमवर केलेला रियाज मेट्रोनोमपाशीच राहिला.

आणि मग सगळे उभे राहिले. आरती सुरू झाली की उभं राहायचं ही लहानपणापासूनची सवय, त्याबद्दल तक्रार नाही. पण शास्त्रोक्त गिटार बसून वाजवतात. डावा पाय छोट्या चौरंगावर ठेवायचा, मांडीवर गिटार टेकवायची. म्हणजे देवासमोर आख्खी सोसायटी हात जोडून उभी आणि मी एकटा खुर्चीत बसलेला, तोही एक पाय वर करून. 'आरतीला बसलाय!' असं एक काकू शेजारणीला म्हणाल्या. पायाची दिशा मूर्तीकडे असल्याचं दुसरीने निदर्शनास आणलं. मी वाजवता वाजवता खुर्ची फिरवली, तेव्हा पाठ मूर्तीकडे झाली. उजव्या हाताची वाढवलेली नखंही याच सुमारास कुणाच्या तरी लक्षात आली.

शेवट मी मन लावून बसवला होता: लय हळूहळू उतरवायची, बाराव्या पडद्यावरचे नाजूक हार्मोनिक छेडायचे आणि शांतता. शांतता मिळाली, पण टाळ्या पडल्या नाहीत. आरतीला कुणी टाळ्या देत नाही, पुढची आरती म्हणतात. मागून शंकराची उचलली गेली, मग देवीची, मग विठोबाची. मी खुर्चीतच होतो. आरतीचं तबक फिरत आलं तेव्हा कापूर गिटारच्या वॉर्निशपासून वीतभर अंतरावर होता.

'येई हो विठ्ठले' आलं तेव्हा माझी उरलीसुरली उमेद गेली. त्यात एका अक्षरावर दम असेल तोवर सूर ताणायचा असतो आणि कुणाचा दम जास्त याची स्पर्धा लागते. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी मांडीवर घेऊन तारांवरून पट्टी सरकवत मींड काढली, त्यामुळे 'तू तसं वाजव की' हा सल्ला मला दर वर्षी मिळतो. ते वाद्यच वेगळ्या बैठकीचं, हे ऐकायला कुणी थांबत नाही. माझ्याकडे एकच उपाय होता, ट्रेमोलो: अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी या क्रमाने तार इतक्या वेगाने छेडायची की सूर सलग भासावा. तारेगा या स्पॅनिश वादकाने अल्हाम्ब्रा राजवाड्यावरच्या आपल्या रचनेत हीच युक्ती वापरली आहे. मी तीच वापरून तो सूर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या बरोबरीने धरला. आजोबांचं वय ब्याऐंशी. मी आधी थांबलो.

सांस्कृतिक समितीला नम्र विनंती आहे की येत्या वर्षी मला एक माइक द्यावा, किंवा माझ्या कार्यक्रमापुरत्या झांजा कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात. दोन्ही शक्य नसेल तर माझं नाव पाककला स्पर्धेत घालावं. नारळाच्या वड्या मलाही येतात.