तळाचा कानडी पेपर

मला खाण्यातलं कळतं, हे न्यू जर्सीतल्या आमच्या मित्रमंडळात सर्वमान्य आहे. म्हणजे मी ते सगळ्यांकडून मान्य करून घेतलंय. त्यामुळे 2011 साली एका हॉटेलच्या मेन्यूवर 'कोबे बर्गर' दिसला, तेव्हा बावीस डॉलर मोजून तो मागवला, डोळे मिटून पहिला घास घेतला आणि टेबलावरच्या सहा जणांना जपानमधल्या कोबेच्या गुरांना बिअर पाजून मालिश कशी करतात, ते साभिनय सांगितलं.

परवा भाच्याने हिशेब मांडला. "मामा, 2010 मध्ये जपानात लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि अमेरिकेने तिथलं बीफ बंद केलं. परत सुरू झालं 2012 मध्ये. मग तू 2011 मध्ये काय खाल्लंस?"

बायको भांडी लावता लावता म्हणाली, "कर्नाटक हापूस."

घाव वर्मी बसला. साताऱ्याच्या मंडईत पेटी घेताना माझे वडील आंब्याला हातच लावायचे नाहीत. आधी गवतात हात घालून तळाचा पेपर ओढून काढायचे. पेपर कानडी निघाला, की वर 'देवगड' कितीही ठळक छापलेलं असो, पेटी बाजूला. "अहो काका, रद्दी काय, कुठूनही येते!" "मग आंबाही कुठूनही येऊ दे, भाव तेवढा तिथलाच लाव." एका वर्षी पेपर मराठी निघाला. वडील इतके खूश, की घासाघीस न करता दोन पेट्या उचलल्या. घरी येऊन पेपर नीट उलगडला, तर बेळगाव आवृत्ती! चार दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. आंबे गोड होते, पण तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 मध्ये; ते बघायला वडील नव्हते. असते तरी त्यांनी पेपरच ओढला असता.

तर मीही तळाचा पेपर बघायचं ठरवलं आणि जपानी किराणा दुकान गाठलं. एका फळीवर 'अमेरिकन वाग्यू' होतं. 1976 मध्ये जपानहून चार बैल अमेरिकेत आले, पुढे आणखी आले. त्यांच्या वंशातलं बरंचसं मांस म्हणजे वडिलांकडून जपानी आणि आजोळ अँगसचं. शेजारी खरं जपानी, 'ए-फाइव्ह' प्रतीचं. पौंडाला 140 डॉलर. मी पाऊण पौंड घेतलं आणि 105 डॉलरचे रुपये मनात करायचे नाहीत, असं बजावेपर्यंत ते होऊन गेले होते.

'ए' म्हणजे अव्वल, यावर मी आजवर बरीच प्रवचनं दिली आहेत. काउंटरवरच्या आजोबांनी शांतपणे सांगितलं, की 'ए' म्हणजे एका जनावरातून मांस किती निघालं, त्याची प्रतवारी. म्हणजे फायदा खाटकाचा. गिऱ्हाइकाच्या कामाचा तो पाच.

लेबलवर दहा आकडी नंबर होता. मॅड काऊचा घोळ झाल्यावर जपानने प्रत्येक गुराला असा नंबर दिला. घरी येऊन तो जपानी सरकारी साइटवर टाकला आणि माझी पत वाचवणारा पेपर उलगडला: जन्म कागोशिमाचा, काळ्या जातीचा, खच्ची केलेला बैल. जन्मतारीख. आईचा नंबर. तिथे म्हणे वासराच्या नोंदणीला नाकाचा ठसाही घेतात, आपल्याकडे अंगठा घेतात तसा.

मी भाच्याला हाक मारणार होतो. मारली नाही.

आमच्याकडे सर्जा होता, खिल्लार बैल. तो कोणाच्या गोठ्यात जन्मला, त्याची आई कशी मारकी होती, सगळं वडिलांना तोंडपाठ. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पहिली पुरणपोळी त्याला, मग आम्हाला. म्हातारा झाल्यावर त्याला बाजारात दिला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. पेटीच्या तळाशी हात घालणाऱ्या माणसाने त्या व्यापाऱ्याला मात्र काही विचारलं नाही, आणि आम्ही वडिलांना. या कागोशिमाच्या बैलाचं सगळं माझ्या फोनवर होतं, शेवटची तारीखसुद्धा.

"तवा तापलाय," बायको म्हणाली.

पाकीट सोडलं. गुलाबी मांसात पांढरं जाळं, बोटांच्या उबेनेच चरबी सुटून हात तुपकट झाले. पातळ काप केले, एकेक बाजू मिनिटभर. पहिला तुकडा जिभेवर विरघळला. दुसराही. तिसऱ्याला घशाशी आलं, आणि चौथा कोणी घ्यायचा यावर तिघांत आग्रह सुरू झाला.

शेवटी बायकोने बरणी काढली. ए-फाइव्हबरोबर लिंबाचं लोणचं फार छान लागतं.