प्लास्टरच्या वाघाचे उपकार

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचं क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात वाघ शोधायचा म्हणजे पहाटे उठणं आलं, जिप्सीत हाडं खिळखिळी करून घेणं आलं आणि शेवटी चितळ पाहून ‘हेही काही कमी नाही’ म्हणणं आलं. म्हणूनच जंगलांच्या दाराशी निसर्ग परिचय केंद्रं बांधण्याची कल्पना आम्हांस अत्यंत दूरदर्शी वाटते. तिथला प्लास्टरचा वाघ कार्यालयीन वेळेत हमखास दिसतो. तो कुणाचा गोऱ्हा मारत नाही, पंचनामा करायला लावत नाही, आणि नातवाला पाठीवर बसवून फोटो काढला तरी हरकत घेत नाही.

खऱ्या वाघांना ही शिस्त नाही. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ रेडिओ कॉलरसह निघाला. ना ऑनलाइन बुकिंग, ना गाइड. शेतशिवारं तुडवत, मध्येच तेलंगणात डोकावत, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. म्हणे हक्काची हद्द हवी, जोडीदारीण हवी! निघण्यापूर्वी असलं एखादं केंद्र पाहिलं असतं, तर वाघ घनदाट जंगलातच राहतो हे त्याला तक्त्यावरून सचित्र कळलं असतं.

सबब नम्र सूचना: यापुढे पर्यटकांआधी वाघांनाच केंद्र दाखवावं, माहितीपट सक्तीचा करावा. गर्दी होईल, हे मान्य. वाहनतळासाठी मागे जंगल आहेच.