अ‍ॅडमिन आहे घरी

मुळशी तालुक्यात फार्महाउस बांधणारा माणूस आधी कुंपणावर पैसे ओततो. काटेरी तार, लोखंडी फाटक, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ची पाटी, चार कॅमेरे. मग राउटर येतो. नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. कारखान्याने ठेवलेलं नाव बदलणं बहुधा अपशकुनी असावं. सावध केलं तर उत्तर तयार: “अहो, इथं रेंजच येत नाही, चोर कुठून येणार?” कुंपणाबाहेर आंब्याखाली बसलेल्या पोरांना मात्र रेंज झकास मिळते. (हिंजवडी आयटी पार्क याच तालुक्यात आहे, हे केवळ माहितीसाठी.)

दुसऱ्याच्या उघड्या वाय-फायवरून काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या दारात! त्याचं वाय-फाय उघडं, पाठवणारे भलतेच. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांवेळी हाच प्रयोग चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवर झाला. मग २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्कं शोधत रस्तोरस्ती हिंडले. चोर सोडून कुलूप न लावणाऱ्यांचा शोध!

आणि ‘अ‍ॅडमिन’-‘अ‍ॅडमिन’चं म्हणाल, तर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असलीच साठेक ठरावीक नावं-पासवर्ड आळीपाळीने टाकून पाहिले आणि जगभरची लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्यात मोठा भरणा होता सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्यांचा.