परसातली चूल, घमेले आणि जाळी : निगा व देखभालीच्या सूचना

प्रस्तावना

आष्ट्यात गॅस आला आणि चूल परसात गेली, हा समज अर्धाच खरा आहे. 14.2 किलोचे सिलिंडर स्वयंपाकघरात बसले तेव्हा मातीची चूल मागच्या दाराबाहेर गेली, इथवर ठीक. पण तिथे ती टिकली ती घरातल्या माळकरी आजींमुळे. "माज्या सैपाकघरात मटान शिजायचं न्हाई. काय करायचं ते भाईर करा," असा हुकूम आजींनी एकदा काढला, की घरातल्या पुरुषांना परसात स्वतंत्र संस्थान मिळते. दर रविवारी तिथे जाळ होतो, तांबडा रस्सा उकळतो आणि जाळीवर कलेजी भाजली जाते. सोमवारी सकाळी त्याच ठिकाणी घरातल्या बायका राख भरताना दिसतात. या दोन घटनांमध्ये जे काही व्हायला हवे होते, त्याबद्दल प्रस्तुत सूचना आहेत. त्या रविवारवाल्यांसाठी आहेत. सोमवारवाल्यांना सगळे ठाऊक आहे.

1. उपकरणाची ओळख

सदर उपकरणाचे तीन भाग आहेत.

(अ) चूल. हिच्या बाजूला वैल असतो. मुख्य जाळावर पातेले आणि उरलेल्या धगीवर वैलावर भात, अशी ही व्यवस्था आहे. वैलावर मोबाइल ठेवू नये.

(ब) घमेले. स्लॅब पडल्यावर गवंड्याने विसरलेले किंवा त्याने विसरावे म्हणून कोपऱ्यात सरकवलेले. खाली तीन विटा आणि बुडाला खिळ्याने पाडलेली भोके, की शेगडी तयार. 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचा लोखंडी गोळा अर्धा कापून झाकणाची शेगडी बनवली आणि पुढे त्यावर मोठा कारखाना चालवला. आपल्याकडे कल्पनेची उणीव नव्हती. घमेले मूळ मालकाकडे परत गेले, एवढेच.

(क) जाळी. वेल्डिंगच्या दुकानातून साध्या सळईची करून घ्यावी. खुराड्याची उरलेली जाळी वापरू नये. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त साधारण 420 अंश सेल्सियसला वितळते आणि फुंकणीने फुलवलेला निखारा त्याच्या कितीतरी पुढे जातो. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि दोष मटणाच्या दुकानदाराला दिला जातो.

2. इंधन

बाभळीचे लाकूड सर्वोत्तम. ते उशिरा पेटते, पण त्याचा इंगळ टिकतो. उसाची चिपाडे आणि पाचट वाळवा तालुक्यात मुबलक असली तरी त्यांचा उपयोग पेटवण्यापुरताच. पाचटाचा जाळ पुरुषभर उंच उठतो, सगळे मागे सरतात आणि पातेले मांडेपर्यंत तो विझलेला असतो. जुन्या खिडकीची रंगवलेली चौकट आणि प्लायवूड जाळू नये. रंगाचा आणि डिंकाचा धूर थेट कलेजीत उतरतो. ओली लाकडे आणल्यास धूर होईल. धूर झाल्यास तो आजींच्या खोलीकडेच जाईल. वारा कुठूनही असो, हा नियम अबाधित आहे.

जाळ असताना जाळी ठेवू नये. ज्वाळा बसून निखाऱ्यावर राखेचा पांढरट पापुद्रा आला, की मग ठेवावी. चरबीचा थेंब खाली पडून भडका उठल्यास जाळी बाजूला सरकवावी. त्यावर पाणी मारणाऱ्यास फुंकणीच्या जबाबदारीतून मुक्त करावे.

3. पेटवण्यापूर्वीची तयारी

पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेवा द्यावा. काजळी लेव्यावर बसते आणि धुताना लेव्याबरोबर निघून जाते. हे दोन मिनिटांचे काम आहे. न केल्यास सोमवारी तासभर घासावे लागते. मात्र ते दुसऱ्या कोणाला तरी घासावे लागत असल्याने हा हिशेब रविवारी कोणाच्या लक्षात येत नाही.

4. वापरानंतरची सफाई

या कलमाची अंमलबजावणी जेवणापूर्वी करावी. जेवणानंतर वापरकर्ते सापडत नाहीत.

पहिली पायरी. जाळी कोमट असतानाच खरवडावी. थंड झाल्यावर चरबी घट्ट होते आणि तिच्याशी भांडण सुरू होते. खरवडायला मक्याचे वाळलेले बुरकुंड उत्तम. तारेचा ब्रश टाळावा. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटून राहते, पुढच्या रविवारी कलेजीबरोबर घशात जाते आणि मग प्रकरण डॉक्टरांकडे जाते.

दुसरी पायरी. नारळाचा काथ्या ओला करून त्यावर चाळलेली लाकडाची राख घ्यावी आणि घासावे. राखेत क्षार असतात. त्यांची चरबीशी गाठ पडली की थोडा साबण तिथल्या तिथे तयार होतो. म्हणजे जे विकत आणायला मंडळी दुकानात पळतात, ते चुलीतच पडलेले असते.

सावधानता : राख लावताच जाळीवरचे पिवळे डाग लालभडक होतात. घाबरू नये, मटण कच्चे राहिले होते असा त्याचा अर्थ नाही. हळद क्षाराच्या संगतीत लाल होते. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद असली तरी तिलाही हा नियम लागू आहे. बनियनवरचे डाग साबण लावल्यावर लाल होतात, तेही याच कारणाने. ते कसे पडले, याचा खुलासा वापरकर्त्याने स्वतः द्यावा.

तिसरी पायरी. जाळी धुऊन उरलेल्या धगीवर वाळवावी आणि चिंधीने करडईचे तेल पातळ पुसावे. करडईचे तेल तापले की सुकून त्याचा कडक थर होतो. मग गंज धरत नाही आणि पुढच्या वेळी मांस चिकटत नाही. तेल पुसायचे आहे, ओतायचे नाही. जाळीला फोडणी देऊ नये.

चौथी पायरी. "ऱ्हाऊ द्या, सकाळी बघू" हे वाक्य म्हणू नये. पावसाच्या एका सरीनंतर ती सकाळ महिनाभर टिकते.

5. राखेची विल्हेवाट

राख म्हणजे विझलेली आग नव्हे. राखेखाली झाकलेला इंगळ दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. पूर्वी विस्तव राखून ठेवायची हीच रीत होती. त्यामुळे रात्रीची राख उकिरड्यावर टाकू नये. उकिरडा आतून धुमसतो, शेजारी पाचटाची गंजी असते आणि गंजी चुलत्याची असते. पेटलेली गंजी विझते, पण भाऊबंदकी विझवायला तालुक्याच्या कोर्टात जावे लागते.

राख पूर्ण थंड झाल्यावर चाळावी. चाळलेली थोडी भांड्यांसाठी ठेवावी, थोडी वांग्याच्या रोपांवर मावा दिसल्यास सकाळच्या दवात धुरळावी. कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव आपल्या रविवारामुळे राहिले, असे सांगता येईल. उरलेली राख "खत हाय" म्हणून दिसेल त्या रानात टाकू नये. पाण्याच्या अतिवापराने या पट्ट्यातल्या जमिनी आधीच क्षारपड झाल्या आहेत. त्यांना आणखी क्षार घालणे म्हणजे जखमेवर शब्दशः मीठ चोळणे होय.

6. वार्षिक देखभाल

आखाडात उपकरण अहोरात्र चालते. गावच्या भावई उत्सवाला आलेले पाहुणेही त्याच्यावर हक्क सांगतात. त्यानंतर श्रावण लागतो. हा महिना धर्माने मांसाहारासाठी वर्ज्य केला असला तरी दुरुस्ती खात्याच्या दृष्टीने तोच सोयीचा आहे. चार आठवडे मागणी शून्य असते आणि कारागीर घरी बसून असतात.

चुलीच्या भेगा बुजवाव्यात. त्यासाठी नुसती काळी माती घेऊ नये. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि आधी होत्या त्यापेक्षा रुंद भेगा देते. वारुळाची माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र मळून रात्रभर मुरू द्यावे आणि पातळ थरांत लावावे. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा लावू नये. वारूळ नागोबाचे असल्यास नागपंचमी उलटेपर्यंत थांबावे, नंतरही लांबूनच विचारपूस करून हात घालावा.

तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नये, तडा जातो. चूल आपोआप निवू द्यावी आणि मग पोतेरे फिरवावे. पोतेरे कुठे असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरात विचारावे. उत्तराचा सूर ऐकून घ्यावा.

7. सामान्य बिघाड आणि उपाय

चूल पेटत नाही, नुसती धुमसते : आत मागच्या तीन रविवारांची राख आहे. हवेला वाट राहिलेली नाही. राख काढा. फुंकणीचा उपाय करू नये, राख फुंकणाऱ्याच्याच डोळ्यांत येते.

चुलीत हालचाल जाणवते : मांजर आहे. पावसाळ्यात तिच्याकडे ताबा असतो. पेटवण्यापूर्वी काठीने खात्री करावी. पिल्ले असल्यास कार्यक्रम पुढच्या रविवारी ढकलावा. या एका बाबतीत आजी आणि पुरुषमंडळी यांचे एकमत होते.

जाळी मधोमध वाकली : तिच्यावर कोणीतरी पातेले ठेवले. कोणी ठेवले, हे शोधण्यात वेळ घालवू नये, दाजी पाहुणे आहेत.

रस्सा धुरकट लागतो : बाहेर हॉटेलच्या फलकावर "चुलीवरचे" असे लिहून त्याचेच जादा पैसे घेतात. तक्रार नोंदवली जाणार नाही.

8. हमी

वरील कलमे पाळल्यास चूल दरवर्षी एका लिंपणावर टिकेल आणि जाळी पुढच्या पिढीला वाटणीत जाईल. जाळी न घासता झोपणाऱ्याची हमी त्याच क्षणी रद्द होईल.

जाळी कोणी घासायची, यावर वाद झाल्यास पुढील नियम अंतिम राहील. कलेजीचा पहिला तुकडा "मीठ बगतो" म्हणून ज्याने उचलला, त्याने घासावी. सर्वांनीच मीठ बघितले असल्यास सर्वांनी घासावी. मी नाही बघितले, असे कोणी म्हणाल्यास त्याच्या मिशीला लागलेली काजळी पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात येईल.